वायरवाले काका

आमच्या जुळे सोलापुरात संध्याकाळी फिरायला निघालं, की समोरून येणारा प्रत्येक माणूस मला आमच्या जुन्या घरमालकांसारखा दिसतो. मान खाली, कानात काहीतरी खुपसलेलं, अंगठा कसल्यातरी कामात गुंतलेला, आणि ओळखीचं माणूस समोर उभं राहिलं तरी पत्ता नाही. फरक इतकाच, की या लोकांना कोणी वेडं म्हणत नाही. आमच्या काकांना अख्खी कॉलनी म्हणायची. माणूस जरा लवकर जन्माला आला की त्याचे असे हाल होतात.

काका आता नाहीत. त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर कसलेसे क्लास चालतात, आणि आम्ही दोन गल्ल्या सोडून स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. पण बरीच वर्षं आम्ही त्यांचे भाडेकरू होतो. मी मूळची बार्शीची. इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागली तेव्हा नवरा आणि मी खोल्या बघत हिंडत होतो. पानाच्या टपरीवर विचारलं तर टपरीवाला म्हणाला, "वायरवाल्या काकांकडं बघा की. वरचा मजला मोकळा हाय." मला वाटलं, विजेच्या सामानाचं दुकान असेल.

दार काकांनीच उघडलं. पांढरा लेंगा, बाह्यांचा बनियन, बनियनला शिवून घेतलेला एक खिसा, खिशात अंगठ्याएवढा एक काळा डबा आणि डब्यातून निघून दोन्ही कानांत शिरलेली वायर. आम्ही काय म्हणतोय ते त्यांनी वायर न काढता ऐकलं, म्हणजे आमच्या ओठांकडे बघितलं. मग मागे वळून आत हात केला. काकू बाहेर आल्या आणि सगळी बोलणी त्यांनीच केली. भाडं, पाणी, गाडी कुठे लावायची, सगळं ठरलं. शेवटी काकांनी एकच वाक्य उच्चारलं, तेही इतकं हळू, की मला पुढे वाकावं लागलं.

"रेडिओ लावा, टीव्ही लावा, भांडा. मला काय त्रास न्हाई."

पुढे त्यांच्या सवयी कळत गेल्या. सकाळी उठल्यावर दात घासायच्या आधी ते डब्यात नवा सेल घालत. तो पेन्सिल सेलवर चालायचा, आणि काका घराबाहेर पडताना वरच्या खिशात दोन जादा सेल घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. मध्येच डबा काढून किती जीव राहिलाय ते बघायचं, चेहरा पडायचा, मग परत खिशात. आज माझ्या वर्गातली पोरं चार्जरसाठी जशी भिंती चाचपतात, तसे काका तेव्हा चाचपत होते. भाजीवाल्याशी हातवाऱ्यांनी बोलायचे. एकदा उभ्या असलेल्या रिक्षावर जाऊन आदळले, आणि रिक्षावाला म्हणाला, "काका, मी थांबलेलाच हाय, तुमी थांबा की." काकांनी त्यालाच हात जोडले आणि पुढे गेले.

खरं तर हा माणूस मोठा शौकीन असणार अशी आमची समजूत होती. इतकं सतत ऐकायचं म्हणजे गाण्याचं वेडच हवं. मी एकदा जिन्यात गाठून विचारलं, "काका, कुठलं गाणं लागलंय?"

"जुनं हाय," ते म्हणाले.

दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही जुनंच होतं. दर वेळी जुनंच असायचं. "आम्हाला पण ऐकवा की," म्हटलं तर वायर दोन्ही हातांनी दाबून धरायचे. पोटच्या पोराला कोणी उचलायला आल्यासारखे. माझा नवरा म्हणायचा, नक्की लावण्या ऐकत असणार म्हातारा.

माझ्या नवऱ्याची आणि त्यांची एका गोष्टीवरून कायम जुंपायची. नवऱ्यानं तेव्हा बटणांचा नवा फोन घेतला होता, त्यात गाणीसुद्धा वाजायची. तो काकांना म्हणाला, "आता हा डबा टाका काका. फोन घ्या. सगळं एकातच येतंय."

काकांनी त्या दिवशी चक्क एका कानातली वायर काढली. हळू आवाजात, पण ठासून म्हणाले, "फोनमधी गाणं पाव्हणं असतंय. कुणाचा फोन आला की गाण्याला उठवून बाहेर काढत्यात. ह्या डब्यात गाणं घरधनी हाय. तुमी बघा, फोन डब्याला न्हाई गिळायचा. ह्यो डबाच एक दिवस फोनला गिळून बसंल."

"म्हणजे डब्यातून बोलायचं?"

"बोलायचं कुणाला असतंय हो? लोकास्नी गर्दीत एकटं बसायचं असतंय. ते ह्या डब्यानं शिकवलं. एकदा सवय लागली की डब्यात फोन घाला न्हाईतर फोटू घाला, लोकं खिशातनं काढणार न्हाईत."

आम्ही वर येऊन पोट धरून हसलो होतो. आता हसू येत नाही. आपल्याला वाटतं, हातातला हा मोठा काचेचा फोन जुन्या टेलिफोनच्या पोटी जन्मला. मला ते पटत नाही. टेलिफोन घरातल्या स्टुलावर बसायचा, त्याच्यावर विणलेला रुमाल असायचा, तो वाजला की सगळे धावायचे. त्याला खिशाची काय ओळख? खिसा तयार केला तो गाण्याच्या डब्यांनी. आधी कॅसेटचा वॉकमन पट्ट्याला लटकला, मग हे अंगठ्याएवढे डबे आले. शेकडो गाणी एवढ्याशा जागेत मावतात, हे आपल्या डोक्यानं पहिल्यांदा तिथे मान्य केलं. कॉम्प्युटरला वायर जोडून आपल्याला हवं ते आत भरायचं, नको ते पुसायचं, चिमुकल्या पडद्यावरची यादी अंगठ्यानं वरखाली करायची, रात्री उशाशी ठेवून निजायचं, सकाळी पहिल्यांदा त्यालाच चाचपायचं, ही सगळी शाळा त्या डब्यांनी घेतली. आणि भर बाजारात आपल्याभोवती भिंत बांधता येते, हा धडाही त्यांचाच. मोठा फोन आला तेव्हा आपण सगळे पास होऊन बसलोच होतो. काका तर पहिल्या नंबरानं.

या भिंतीच्या पलीकडे काकू होत्या.

काकूंबद्दल मी काय सांगू! संक्रांतीला सकिनालु करायच्या. तांदळाच्या पिठाचा तो पांढराशुभ्र वेढा, वरून तीळ, चकलीचा गोरा मावसभाऊच म्हणा. पहिली ताटली आमच्याकडे यायची. ताटली द्यायला आल्या की तासभर बसायच्या, आणि बोलायच्या, बोलायच्या, बोलायच्या. मला वह्या तपासायच्या असायच्या, पण त्यांच्या तोंडाकडे बघून उठवत नसे. इतकं साठलेलं बोलणं मी कुठल्याच बाईकडे बघितलं नाही.

एकदा गच्चीवर मिरच्या वाळत घालताना त्या म्हणाल्या, "टीचर, तुमचे मिस्टर तुमच्याशी बोलत्यात का?"

"बोलतात की. जरा जास्तच."

"नशीबवान हाय बाई तुमी." मग मिरच्या पसरता पसरता त्यांनी सगळं सांगितलं.

त्यांचं मूळ घर शहराच्या पूर्व भागात. तेलुगू विणकरांची वस्ती. पुढच्या खोलीत यंत्रमाग, मागच्या खोलीत संसार. लग्न होऊन आल्या त्या दिवशीपासून कानात मागांचा खडखडाट. चादरी निघायच्या, टॉवेल निघायचे. काका मागावर, काकू कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरायला. आणि त्या खडखडाटात दोघं दिवसभर बोलायची. म्हणजे ओरडायची. चहा हवा का ते ओरडून, पोरीला ताप आलाय ते ओरडून, रुसवासुद्धा ओरडून. "लई बोलायचे हो हे," काकू म्हणाल्या. "पोरीचं नाव बी आमी मागापाशी ओरडून ठरवलं. शेजारच्या कारखान्यातली माणसं म्हणाली, चांगलं हाय, ठेवा."

पुढे धंदा बसला. माग भंगारात निघाले. जागेचे पैसे आले त्यातून जुळे सोलापुरात घर झालं. नोकरदारांची कॉलनी, मोठे रस्ते, दुपारी पाखरू बोललं तरी ऐकू येईल अशी शांतता. राहायला आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी काकांनी नेहमीच्या आवाजात चहा मागितला. समोरचे साहेब, डावीकडच्या मॅडम, मागच्या गल्लीतलं एक जोडपं, सगळे दारात हजर. "काही भांडण झालं का? ताईंना त्रास होतोय का?" एकानं तर काकांना बाजूला घेऊन समजावलं, की बायकोवर हात उगारणं बरं नाही.

"आयुष्यात ह्यांनी माझ्यावर बोट न्हाई उगारलं," काकू म्हणाल्या. "पर ते लई लाजले. हळू बोलायला जमंना. हळू बोलायला गेले की शब्दच सापडंना. मग बोलायचंच बंद केलं. त्या दिवशीपासनं कानात वायर."

दोघांच्या भाषेत काही कमी नव्हतं. खडखडाट तेवढा गेला होता, आणि त्याच्याबरोबर बोलणंही.

याची साक्ष मला गड्ड्याच्या जत्रेत मिळाली. जानेवारीत आम्ही चौघं मिळून गेलो होतो. आकाशपाळणे, मौत का कुआँ, पिपाण्या, चार-चार कर्णे एकमेकांवर ओरडतायत. त्या गोंगाटात शिरल्याबरोबर काकांनी वायर काढून खिशात घातली आणि काकूंना काहीतरी ओरडून विचारलं. काकूंनी ओरडून उत्तर दिलं. मग दोघं अशी काही सुटली! भजी खाताना ओरडतायत, बांगड्या भरताना ओरडतायत, हसतायत. काका इतके देखणे दिसू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं. परतताना रिक्षा जुळे सोलापूरच्या रस्त्याला लागली, आवाज मागे पडला, आणि त्यांनी पुन्हा वायर कानात घातली. काकू बाहेर बघत बसल्या.

असं किती दिवस चालणार? पुण्याची लेक काकूंना बोलवत होतीच. "आई, तू ये इकडे. नात आहे, मी आहे, बोलायला माणसं आहेत. बाबांना त्यांचा डबा पुरे." काकू हो-नाही करत राहिल्या. वर्षं गेली. आमच्या हातात मोठे फोन आले, कॉलनीतली पोरं कानात बिनवायरीची बोंडं घालून फिरू लागली, आणि काकांना वेडं म्हणायचं लोक आपोआप विसरले. मग एका सकाळी डबा बंद पडला.

नवा सेल घातला, जुना घातला, हातावर आपटला, उन्हात ठेवला. ढिम्म. काकूंनी मला जिन्यात गाठून कानात सांगितलं, "मेला एकदाचा!" आणि त्या दिवशी शिरा केला. त्यांना वाटलं, आता तरी हे तोंड उघडतील.

काकांनी तोंड उघडलं नाही. ते घरभर फिरू लागले. नळ सोडून त्याच्याजवळ उभे राहायचे. डावीकडच्या मॅडमचा मिक्सर लागला की कुंपणाशी जाऊन थांबायचे. मग ते दिसेनासे झाले. काकूंनी घाबरून आम्हाला शोधायला पाठवलं, तर काका चौकातल्या पिठाच्या गिरणीत बसलेले. हातात दळणाचा डबा नाही, पिशवी नाही. गिरणीवाला म्हणाला, "सकाळपासनं बसल्यात. दळण न्हाई, काय न्हाई. मी म्हणलं बसू दे." पिठानं भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. चेहरा मात्र शांत होता. मी हात धरून घरी आणलं.

काकूंनी ते बघितलं आणि त्यांचा धीर सुटला. "घरात बायकू हाय, तर हे गिरणीत जाऊन बसत्यात," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी लेकीला फोन करून सांगितलं, येते, आणि कायमची येते. कपाटातल्या साड्या बॅगेत गेल्या. लेकीनं वडलांसाठी एक मोठा फोन कुरिअरनं पाठवला, आई गेल्यावर रोज बोलता यावं म्हणून. काकांनी खोकं उघडलंसुद्धा नाही. बॅगेकडे मात्र सारखे बघत होते. तोंड उघडायचे, मिटायचे. मला राहवेना, मी म्हटलं, "काका, थांबवा की त्यांना."

त्यांनी आतून तो मेलेला डबा आणून माझ्या हातावर ठेवला. "कुणी दुरुस्त करतंय का बघता? आतलं पुसू नका म्हणावं."

"गाणी काय, दुसरी भरता येतील काका."

"न्हाई. हीच पायजेत."

काकूंच्या गाडीच्या आदल्या दिवशी दुपारी मी डबा आणि तो नवा फोन दोन्ही घेऊन बाजारातल्या एका मोबाईलच्या दुकानात गेले. दुकानदारानं डबा उलटापालटा करून बघितला. "मॅडम, हे आता म्युझियममधी द्यायचं सामान हाय. दुरुस्त न्हाई व्हायचं. पर आतली गाणी निघत्यात का बघतो." त्यानं डबा कॉम्प्युटरला जोडला. बराच वेळ खटपट केल्यावर पडद्यावर यादी उघडली. त्यानं एक वाजवलं, दुसरं वाजवलं, तिसरं वाजवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ह्यात गाणं एक पण न्हाई. सगळ्या फायली खराब झाल्यात. नुसता खडखडाट हाय. पुसून टाकू का? तुमाला चांगली जुनी गाणी भरून देतो."

त्याचं बोट बटणावर होतं. मी "थांबा" म्हणून इतक्या जोरात ओरडले, की शेजारचं गिऱ्हाईक दचकलं. त्याच्याकडून हेडफोन घेतला आणि कानाला लावला.

खटाक-खट, खटाक-खट, खटाक-खट. एकात एक गुंतलेले कितीतरी माग. धोटा इकडून तिकडे जातोय, पट्टे फिरतायत, मध्येच एक माग अडखळतोय आणि पुन्हा चालू होतोय. त्या डब्यात आवाज भरून घ्यायची सोय होती. माग भंगारात जायच्या आधी काकांनी डबा मध्ये ठेवून सगळा आवाज भरून घेतला असणार. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस गाणं ऐकत नव्हताच. भाजी आणताना, गच्चीवर बसताना, बायकोच्या शेजारी गप्प जेवताना, तो आपल्या जुन्या घरात बसलेला होता. दुकानात सगळ्यांसमोर मला रडू आलं. दुकानदार बिचारा घाबरून म्हणाला, "न्हाई पुसत, न्हाई पुसत."

सगळं जसंच्या तसं नव्या फोनमध्ये घालून घेतलं आणि घरी आले. काका बाहेरच्या खोलीत बसले होते. काकू आत प्रवासाच्या भाकऱ्या थापत होत्या. बॅग दाराशी. मी फोन काकांच्या हातात दिला, कुठे दाबायचं ते दाखवलं. त्यांनी आधी आपली जुनी वायर काढली आणि फोनच्या चारी कडांवरून बोट फिरवून भोक शोधू लागले.

"याला वायरीचं भोक नसतं काका. कानात घालायची बोंडं वेगळी आणावी लागतात. उद्या आणून देते."

पण उद्यापर्यंत थांबायचं बळ त्यांच्यात नव्हतं. त्यांनी अंगठा दाबला.

फोनचा आवाज पूर्ण मोठा होता. खटाक-खट, खटाक-खट, खोलीच्या भिंती दणाणल्या. फडताळातली भांडी वाजू लागली. काका दचकले, बंद करायला गेले, पण त्यांना ते सापडेना. इतक्यात काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या. बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. फोनकडे बघितलं, काकांकडे बघितलं, मग त्यांच्या हातातल्या त्या जुन्या वायरीकडे. मला वाटतं, त्याच घटकेला त्यांना सगळं कळलं.

आणि मग त्या ओरडल्या. तेलुगूत, पूर्ण आवाजात. कोपऱ्यातल्या मागाचं होतं ते, काकूंनी मला नंतर सांगितलं, तो कसा अडायचा, आणि त्याचा पट्टा बदला म्हणून त्यांनी किती वेळा सांगितलं होतं. काकांनी तिथूनच ओरडून उत्तर दिलं. काकू पुढे आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि आणखी काहीतरी ओरडल्या. काका हसले. लेकीचं नाव आलं, पावसाचं काहीतरी आलं, कुणा मुकादमाचं आलं. मी हळूच बाहेर जिन्यावर येऊन बसले. नवरा वरून धावत आला. समोरचे साहेब फाटकाशी, डावीकडच्या मॅडम कुंपणाशी.

"भांडण लागलं का?" साहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "बोलतायत."

आत क्षणभर दोघंही थांबली. माग तेवढे चालू होते. मग काकांचा आवाज आला, सगळ्या आवाजांच्या वर.

"पोवद्दु!"

एवढं तेलुगू मला येत होतं. जाऊ नको.

मी उघड्या दारातून बघितलं. काकूंनी पिठाचा हात कानामागे धरला होता. त्या मराठीत ओरडल्या, "काय? आवाजात ऐकू येत न्हाई!"

"पोवद्दु!"

"काय म्हणता?"

काका उठून उभे राहिले. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. या वेळी ते मराठीत ओरडले, सगळ्या कॉलनीला कळावं असे.

"अगं, जाऊ नको म्हणतोय की! जाऊ नको!"

काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. कानामागचा हात तसाच ठेवून त्या आणखी पुढे वाकल्या.

"पुन्हा सांगा," त्या ओरडल्या, "न्हाई ऐकू आलं!"